फाटलेलं थांबेल, सुटलेला रंग थांबणार नाही: पणजोबांच्या ऑइल पेंटिंगबद्दल

नमस्कार. प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून बघितले. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. नाशिकच्या सराफ बाजाराजवळच्या जुन्या वाड्यात तुमच्या पणजोबांचं कॅनव्हासवरचं ऑइल पोर्ट्रेट आहे, साधारण तीन फूट बाय दोन फूट, खाली कोपऱ्यात सही आणि १९११ साल. वाडा पाडायला निघालाय, सामान हलवताना शिडी लागून खांद्याजवळ बोटभर फाटलं. शिवाय चित्र एकूणच काळपट झालंय आणि खालच्या बाजूला रंगाचे पोपडे सुटतायत. फ्रेमवाला म्हणतो मागून नवा कॅनव्हास मारतो, पुढून रंग लावतो, नव्यासारखं करून देतो. मेहुणे म्हणतात बटाट्याने पुसा. भावाला ते अमेरिकेत न्यायचंय. आणि तुमचा मुख्य प्रश्न, फाटलेलं घरच्या घरी चिकटवायला कुठला गम चांगला?

गमचं आधी सांगून टाकतो. कुठलाही नाही. फेव्हिकॉल नाही, फेविक्विक तर अजिबात नाही, आणि मागून सेलोटेपही नाही.

पण खरं सांगू का, तुमचा खरा प्रॉब्लेम फाटलेलं नाहीचये. ते डोळ्यात खुपतं म्हणून तुम्ही तिथेच बघताय. फाटलेला कॅनव्हास आज जसा आहे तसा सहा महिन्यांनीही जवळपास तसाच असेल, त्याला कोणी हात लावला नाही तर. काळपटपणा तर वर्षानुवर्षं थांबू शकतो, ती घाण आहे आणि जुनं व्हार्निश, ती कुठे पळून जात नाही. पण खालच्या बाजूचा जो रंग सुटतोय ना, तो एकदा जमिनीवर पडला आणि केरात गेला की संपलं, तो कोणीच परत आणू शकत नाही, मी नाही, मुंबईचा कोणी नाही. त्यामुळे क्रम असा, आधी सुटलेला रंग धरायचा, मग साफसफाई, मग फाटलेलं, आणि रंग लावणं अगदी शेवटी. तुमचा फ्रेमवाला बरोबर उलटीकडून सुरू करतोय.

रंग का सुटतो हे समजलं तर पुढचं सगळं आपोआप समजेल. ऑइल पेंटिंग म्हणजे नुसता कापडावर रंग नसतो. कॅनव्हासवर आधी सरसाचा हात, त्यावर पांढरा अस्तर थर, त्यावर तेलरंग आणि सगळ्यात वर व्हार्निश. यातला सरस हवेतली ओल पितो आणि सोडतो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे हवा कोरडी ठाक, तेव्हा सरस आक्रसतो आणि सगळ्याला ताण देतो, जुना रंग कडक झालेला असतो तो ताणला जात नाही, तडकतो. मग जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस झड लागते, तेव्हा सरस मऊ पडून त्याची पकड जाते आणि फारच दमट झालं तर धागे फुगून कॅनव्हास स्वतःच आखडतो. खालचं कापड लहान झालं आणि वरचा रंग तेवढाच राहिला, मग तो जाणार कुठे, वर उचलतो. असे शंभरहून जास्त पावसाळे त्या चित्राने काढलेत, त्यामानाने बरं टिकलंय म्हणायचं.

आता खालच्याच बाजूला का? तुम्ही लिहिलंय की २००८च्या पुराचं पाणी चित्रापर्यंत पोचलं नव्हतं, पण भिंत कित्येक महिने ओली होती. ते एक कारण झालंच. दुसरं कारण बहुतेकांना माहीत नसतं. चित्राच्या मागे लाकडी चौकट असते, तिची खालची पट्टी आणि कॅनव्हास यांच्यामध्ये एक बारीक खाच राहते आणि वर्षानुवर्षं वरून पडणारं सगळं त्या खाचेत साठतं. मागे एका वाड्यातलं असंच पोर्ट्रेट माझ्याकडे आलं होतं, त्याच्या खालच्या पट्टीतून मी प्लास्टिकच्या पातळ पट्टीने हळूहळू उकरून काढलं तर भिंतीच्या चुन्याचे खडे निघाले, दोन गंजक्या चुका (बारीक खिळे), झुरळाची अंडी, आणि झेंडूच्या वाळून काळ्या पडलेल्या पाकळ्यांचा चांगला मूठभर गोळा. पुढून बघितलं तर नेमकं त्याच जागी कॅनव्हासला टेंगूळ आलं होतं आणि टेंगळावरचा रंग गेला होता. हा कचरा ओल धरून ठेवतो आणि कॅनव्हासला मागून ढोसतो पण.

झेंडूवरून आठवलं, तुमच्या दुसऱ्या फोटोत चित्रावरून खाली आलेले उभे फिकट ओघळ दिसतायत. ते मला हाराच्या पाण्याचे वाटतात. पितृपक्षात, पुण्यतिथीला ओला हार थेट फ्रेमवरून सोडायचा आणि त्याचं पाणी चित्रावर ठिबकत राहायचं, हे आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पूर्वजांच्या चित्रावर बघायला मिळतं. कपाळावर जो लालसर डाग आहे तोही चित्रकाराचा नसणार, गंध लावलेलं असणार, काच नसली की लोक थेट रंगावरच लावतात. आणि काळेपणात उदबत्ती, निरांजन आणि जुन्या स्वयंपाकघरातल्या चुलीची काजळी मोठा वाटा उचलते. म्हणजे चित्र खराब झालं ते दुर्लक्षाने नाही, रोजच्या प्रेमानेच झालंय, त्यामुळे घरात कोणाला दोष देऊ नका.

आता आज-उद्या काय करायचं ते. चित्र अजून भिंतीवर असेल तर दोघांनी मिळून उतरवा, एकट्याने नको, आणि उतरवायच्या आधी खाली धुतलेली पांढरी चादर अंथरा म्हणजे काही पडलं तर दिसेल. मग ते पलंगावर किंवा टेबलावर आडवं ठेवा, चेहरा वर. भिंतीला टेकवून उभं ठेवू नका, उभं असलं की सुटलेले पोपडे घसरतात. पंख्याचा झोत थेट नको. जे तुकडे पडलेत ते चिमट्याने न धरता मऊ ब्रशने कागदावर सारून घ्या आणि छोट्या डब्यांमध्ये ठेवा, प्रत्येक डबीवर चित्राच्या कुठल्या भागाजवळ सापडले ते लिहा, "डावीकडे खाली, हाताजवळ" असं. नखाएवढा तुकडासुद्धा टाकू नका, तो परत जागेवर बसवता येतो. त्या काळातल्या पांढऱ्या रंगात शिसं असतं, म्हणून हात धुवा आणि लहान मुलांना तिथून लांब ठेवा.

फोटो काढा. एक सरळ उजेडात, एक मागच्या बाजूचा, आणि एक खोलीत अंधार करून टॉर्च चित्राच्या बाजूने अगदी आडवा धरून. या शेवटच्या फोटोत कुठे कुठे रंग उचललाय ते सावल्यांमुळे लख्ख दिसतं, तुम्हाला आत्ता खालचाच भाग सुटलेला वाटतोय पण मला शंका आहे की वर कोटाच्या काळ्या भागातही असेल.

वर झाकायला जुनी चादर नको, तिचे धागे पोपड्यांत अडकतात. चारी कोपऱ्यांना उंच काहीतरी ठेवून वर पुठ्ठा टाका, रंगाला न टेकता. बबल रॅप थेट रंगावर कधीच नाही, त्याचे गोल गोल ठसे उमटतात व्हार्निशवर, आणि पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून माळ्यावर टाकलं तर बुरशी ठरलेली. गुंडाळी करून पाइपात तर अजिबात नको, एवढ्या जुन्या रंगाची गुंडाळी केली की तो उभा-आडवा तडकतोच.

इथपर्यंत तुम्ही घरी करू शकता. इथून पुढे नाही, आणि का नाही ते सांगतो म्हणजे मी उगाच घाबरवतोय असं वाटणार नाही.

पहिली गोष्ट, हे खरंच पूर्ण ऑइल पेंटिंग आहे का हे मला फोटोवरून शंभर टक्के सांगता येत नाही. आपल्याकडे घरोघरी दोन प्रकारची चित्रं ऑइल पेंटिंग म्हणून मिरवतात. एक म्हणजे ओलिओग्राफ, राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ला मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्या काळातल्या अशा छापील चित्रांना कॅनव्हासवर चिकटवून वर व्हार्निश मारलं की लांबून हुबेहूब तैलचित्र वाटतं. भिंगातून बघितलं की छपाईचे ठिपके दिसतात. देवादिकांची चित्रं असतात ती बहुतेक ही, तुमचं व्यक्तिचित्र आहे म्हणून ती शक्यता कमी. दुसरा प्रकार जास्त फसवा, मोठा केलेला फोटो आणि त्यावर हाताने रंगकाम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट्रेटसाठी हे सर्रास चालायचं. जिथे रंग उडालाय तिथे खाली पांढरं अस्तर दिसतंय का करडी फोटोची छटा, ते भिंगाने बघा. फोटो निघाला तर सगळे उपचारच बदलतात, ऑइलवर चालणारी पाण्याची किंवा सॉल्व्हंटची सफाई तिथे चेहरा पुसून टाकू शकते. म्हणून मी कोणालाही फोटो बघून केमिकलचं नाव सांगत नाही, कितीही आग्रह केला तरी.

समजा ऑइलच आहे. मग माझ्याकडे आलं असतं तर मी काय केलं असतं? सुटलेल्या भागावर आधी पातळ जपानी टिश्यू कागद, म्हणजे रंग हलणार नाही. मग पोपड्यांच्या कडेतून अगदी बारीक ब्रशने चिकटद्रव्य आत सोडायचं. कुठलं, ते चित्र बघून ठरतं. स्टर्जन नावाच्या माशाच्या फुग्यापासून केलेला सरस पातळ असतो, छान आत शिरतो, पण चित्र पाण्याला घाबरणारं असेल तर तो चालत नाही. मग बेव्हा ३७१ सारखं सिंथेटिक चिकटद्रव्य, ते साधारण ६५ डिग्रीला चिकटतं, छोट्या तापवलेल्या स्पॅच्युलाने, मध्ये सिलिकॉनचा कागद ठेवून. कडक पोपडा आधी मऊ करायचा आणि मगच दाबायचा, नुसता दाबला तर बिस्किटासारखा तुटतो. एक तळहाताएवढा भाग करायला आख्खी दुपार जाते कधी कधी. घरची इस्त्री फिरवून हे होत नाही, आणि हो, लोक फिरवतात.

रंग स्थिर झाल्यावरच सफाई. आधी मागची खाच साफ करायची, मग पुढची काजळी. कापसाचा बोळा काडीवर फिरवून, आधी नुसतं डिस्टिल्ड पाणी, कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत. मग सायट्रेटचं सौम्य पाणी. आणि हसू नका पण थुंकीसुद्धा, थुंकीत एन्झाइम असतात आणि जगभरातल्या म्युझियममध्ये कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जुनी चित्रं जपणारे-दुरुस्त करणारे जाणकार, ती वापरतात. (तुम्ही वापरू नका.) बोळ्यावर तपकिरी-करडं आलं तर काजळी, पिवळसर आलं तर व्हार्निश, आणि चित्रातलाच निळा किंवा लाल आला तर ताबडतोब थांबायचं. जुनं राळेचं व्हार्निश आहे का आणि कोणी मध्ये रंग लावलाय का ते यूव्ही टॉर्चने दिसतं, जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर मारलेले रंग त्यावर काळे डाग दिसतात. व्हार्निश काढायचंच असं काही नसतं. १९११च्या पोर्ट्रेटमध्ये थोडा पिवळेपणा राहिला तर काही बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. भडक पांढऱ्या कॉलरचे पणजोबा बघून घरच्यांनाच परके वाटतात.

बटाट्याचं मेहुण्यांना सांगा की त्यातलं पाणी तड्यांतून आत सरसापर्यंत जातं आणि पिठूळ रस वर राहतो तो बुरशीला खाऊ. कांदा, ब्रेड, कोलिन, रॉकेल, सगळ्यांची तीच गत. जवसाचं तेल चोळलं की चित्र चार दिवस झळकतं, म्हणून ते सगळ्यात फसवं, पुढे तेच तेल काळं पडून असं बसतं की काढताना खालचा रंग धोक्यात येतो.

मग फाटलेलं. हे मला सगळ्यात आवडतं काम. मायक्रोस्कोपखाली तुटलेला प्रत्येक धागा त्याच्या समोरच्या धाग्याला जोडायचा, उभे उभ्याला आणि आडवे आडव्याला. जर्मनीत विनफ्रिड हायबर यांनी ही पद्धत बसवली, गव्हाच्या स्टार्चची खळ आणि तोच माशाचा सरस मिसळून. आधी फाटलेल्या कडा हळूहळू सपाट करून जवळ आणाव्या लागतात, कारण चौकटीवर ताणलेला कॅनव्हास फाटला की फट उघडी पडून कडा वळतात. म्हणूनच म्हणतो आत्ता टेप नको. टेप कडांना चुकीच्या जागी धरून ठेवतो आणि त्याचा चिकटपणा धाग्यात मुरतो. फेव्हिकॉल पाण्यातला, तो सुकताना कापडाला आवळतो आणि कडक होतो, काही वर्षांत पुढून त्या पॅचचा आख्खा आकार उठून दिसतो. मी नवीन दुरुस्तीपेक्षा जुनी फेव्हिकॉलची दुरुस्ती काढण्यातच जास्त वेळ घालवतो.

आता तुमच्या फ्रेमवाल्याची मागून कॅनव्हास मारायची आयडिया. तो काही हवेत बोलत नाहीये, याला लायनिंग म्हणतात आणि एके काळी जगभर सगळ्याच जुन्या चित्रांना सरसकट करायचे. मेण आणि राळ गरम करून मागून मुरवायची पद्धत तर दमट हवेत चांगली म्हणून आपल्याकडेही खूप झाली. पण मेण कापडात मुरलं की रंग गडद दिसायला लागतात आणि पूर्ण परत काढता येत नाही, उष्णतेने आणि दाबाने ब्रशचे उठाव चपटे होतात. १९७४ला इंग्लंडमध्ये ग्रीनिच इथे यावरच मोठी परिषद झाली आणि तिथून लायनिंगचा हात आखडला. आता आम्ही शेवटचा उपाय म्हणून करतो, कॅनव्हास पूर्ण कुजला असेल तर. तुमच्या मागच्या बाजूच्या फोटोत कॅनव्हास तपकिरी झालाय पण धड दिसतोय, फक्त चुकांच्या कडेने फाटत चाललाय, तिथे चारी बाजूंना नुसत्या पट्ट्या जोडून भागेल असं वाटतं. हात लावून बघितल्याशिवाय ठाम नाही सांगत. आणि फ्रेमवाला फेव्हिकॉलने प्लायवर चिकटवणार असेल, जे बऱ्याचदा होतं, तर सरळ नाही म्हणा. प्लाय एकीकडे वाकणार, कॅनव्हास दुसरीकडे आखडणार, आणि पुढच्या माणसाला छिन्नीने प्लाय सोलत बसायला लागणार.

शेवटी रंग. जिथे रंग उडालाय तेवढ्याच जागेत चॉक आणि जिलेटीनचं भरण, त्यावर व्हार्निशचा पातळ थर, आणि त्यावर उद्या सहज काढता येईल असा रंग. मूळ रंगावर एक ठिपकाही जाता कामा नये. ऑइल कलरने टचअप करणारा माणूस दिसला की त्याला चित्र देऊ नका, ते काही वर्षांत गडद होतं आणि काढायला मूळ रंगाइतकंच कठीण. तुमच्या चित्रात डाव्या हाताची दोन बोटं गेलीयत. तुकडे सापडले तर उत्तम. नाही सापडले तर मी ती नव्याने काढणार नाही, आजूबाजूच्या रंगाशी जुळेल अशी शांत छटा भरेन. पण घरात त्याच पोजचा जुना फोटो असेल तर मग विचार करता येईल, आधार आहे म्हणून. शोधा, अशी पोर्ट्रेट्स बऱ्याचदा फोटोवरूनच केलेली असायची.

मध्येच गोळाबेरीज, कारण लांबलं: आडवं ठेवा, तुकडे जपा, फोटो काढा, पुसू नका, चिकटवू नका, बाकी सगळं जाणकार बघेल.

नवीन फ्लॅटमध्ये लावताना पावसाचा मारा येणारी बाहेरची भिंत आणि बाथरूमची भिंत टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे जाड तुकडे लावा म्हणजे मागे हवा खेळते, आणि चौकटीच्या मागे बॅकबोर्ड, म्हणजे पुन्हा खाचेत कचरा नको. मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, चित्र सैल वाटलं म्हणून सुताराला त्या ठोकायला लावू नका, फट मोठी होईल. हवेतली ओल मोजणारा साधा डिजिटल हायग्रोमीटर आणून ठेवा, आकडा ४५ ते ६० टक्क्यांच्या आसपास राहिला तर छानच, पण नाशिकमध्ये वर्षभर ते होणार नाही, निदान एका दिवसात मोठी उडी नको. त्यासाठी तासभर एसी, मग बंद, मग परत चालू, हे त्या खोलीत करू नका. हार घालायचाच तर शेजारी छोटा फोटो ठेवा आणि त्याला घाला.

भावाचं. सहीखालचं साल खरं असेल तर चित्र शंभर वर्षांच्या पुढचं आहे आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्याने ते पुरावस्तू धरलं जातं, घरचं असलं तरी खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेत घालून नेऊ बघू असला प्रकार नको, एअरपोर्टवर अडकलं तर जप्ती आणि वर केस. त्याला चांगला हाय रिझोल्यूशन फोटो काढून द्या.

कोणाकडे न्यायचं? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, तिथे आणि इनटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे विचारा, ते खासगी काम करणाऱ्या प्रशिक्षित लोकांची नावं सांगू शकतील. लखनौला केंद्र सरकारची एनआरएलसी ही संशोधन प्रयोगशाळा आहे, तिथे शिकलेले बरेच जण या क्षेत्रात आहेत. ज्याच्याकडे जाल त्याला दोन गोष्टी विचारा, काम करायच्या आधी लेखी रिपोर्ट आणि फोटो देणार का, आणि जे लावाल ते उद्या काढता येईल का. जो हसून "काढायचं कशाला, कायमचं करून देतो" म्हणेल त्याच्याकडून परत या. खर्च आणि वेळ बघितल्याशिवाय कोणीच प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, पण कामाचे टप्पे पाडता येतात. यंदा फक्त सुटलेला रंग पक्का करून घेतला आणि बाकीचं दोन वर्षांनी पैसे जमल्यावर केलं तरी चालतं.

मुंबईला नेणार असाल तर पोपडे पक्के होईपर्यंत चित्र गाडीत आडवंच, चेहरा वर, खाली जाड फोम, आणि कसारा घाटातले खड्डे लक्षात घेऊन गाडी हळू. जमलं तर आधी कॉन्झर्व्हेटरलाच वाड्यावर बोलवा, तो तिथेच टिश्यू लावून देईल आणि मग निर्धास्त न्या. आणि फ्रेमवाल्याला तोडू नका, जुनी सागवानी फ्रेम साफ करून सांधे घट्ट करायचं काम त्याच्याकडेच द्या, ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. फक्त फ्रेम द्या, चित्र घरी ठेवून.